गाड्यावाचून नळ्याची यात्रा

रेल्वेने मराठीला काय दिलं, असं कुणी विचारलं तर आम्ही बेधडक सांगतो : वाघीण. साहेबाचा ‘वॅगन’ बोरीबंदरला उतरला आणि बहुधा भायखळ्यापर्यंत पोचायच्या आतच त्याची वाघीण झाली. लिंग बदललं, अंगावर पट्टे आले, दातसुद्धा आले असावेत. फक्त दैव बदललं नाही. नाव वाघीण, आणि जन्मभर साखळीला बांधून इंजिनाच्या मागे फरफट. सर्कशीतल्या वाघिणीलाही दिवसातून दोनदा रिंगणात मोकळं सोडायचे.

तर बातमी अशी की अमेरिकेत वाघीण सुटली आहे.

‘पॅरलल सिस्टिम्स’ नावाची एक कंपनी आहे. मॅट सूल आणि त्यांचे साथीदार पूर्वी स्पेसएक्समध्ये अग्निबाणांच्या कामात होते. आकाशात पाठवायचं ते पाठवून झाल्यावर त्यांना जमिनीवरची मालगाडी दिसली. अग्निबाण उडवणाऱ्या माणसाला मालगाडी पाहून काय वाटलं असेल, याची आम्हाला कल्पना आहे. कल्याणच्या फाटकात उभं राहून आम्हालाही तेच वाटतं. फरक इतकाच की त्यांनी कंपनी काढली, आम्ही स्कूटर बंद केली.

त्यांची युक्ती अशी. इंजिन नाही, डबा नाही, चालक नाही, गार्ड नाही. फक्त दोन चाकगाडे, म्हणजे रेल्वेच्या भाषेत दोन बोगी. त्यांत बॅटरी, मोटर, ब्रेक, कॅमेरे आणि थोडी अक्कल. कंटेनर उचलायचा, एक टोक या बोगीवर आणि दुसरं त्या बोगीवर ठेवायचं, आणि म्हणायचं : निघ. मधली चौकट म्हणून काही नाहीच, कंटेनर हीच चौकट. पुढच्या-मागच्या वाघिणींना जोडायला कपलिंगही नाही. पाठीला नाक लावून त्या एकमेकींना ढकलत जातात, आणि वाट फुटली की दोघी उजवीकडे, चौघी डावीकडे. कंपनी सांगते, एका चार्जिंगमध्ये पाचशे मैल, म्हणजे आठशे किलोमीटर. चार्जिंगला तासाभराहून कमी. आणि तोच माल ट्रकने नेला तर जितकी ऊर्जा लागेल त्याच्या चौथाईत काम. अर्थात हा कंपनीचा हिशेब आहे, आणि दुकानदाराच्या तराजूला आपण नेहमीच हात जोडून नमस्कार करतो. पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी अडतं, डांबरावर रबर फार जास्त. हे भौतिकशास्त्र कंपनीच्या मालकीचं नाही, त्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

जॉर्जिया राज्यात सॅव्हाना बंदराच्या बाजूला दोन छोट्या लोहमार्गांवर या वाघिणींची चाचणी ठरली, आणि अमेरिकेच्या केंद्रीय रेल्वे प्रशासनाने त्याला २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने, अटी घालून परवानगी दिली. आधी रिकाम्या रुळावर, मग जरा गर्दीत. नवीन सुनेला आधी चहा करायला सांगतात, पुरणपोळी नंतर.

आपल्याकडे म्हण आहे, गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. बैलगाडीला वंगणाचा नळा टांगलेला असतो. गाडी पंढरपूरला निघाली की त्यालाही फुकटात पांडुरंग घडतो. जॉर्जियात आता नळा म्हणतोय, गाडी तुमच्याकडेच ठेवा, मी निघालो.

आमच्या शेजारी एक काका राहतात. मालगाडीवर गार्ड म्हणून चौतीस वर्षं काढली. रेल्वेने २०२२ मध्ये गार्डचं नाव ‘ट्रेन मॅनेजर’ केलं, पण काकांसमोर तो शब्द काढायची सोय नाही. “मी गार्ड म्हणून लागलो, गार्ड म्हणून सुटलो. मॅनेजर बँकेत असतो.” आम्ही त्यांना मोबाइलवर जॉर्जियाच्या वाघिणीचा व्हिडिओ दाखवला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो दोनदा पाहिला.

“चालते ते कळलं,” काका म्हणाले. “उभी कुठे राहते?”

“म्हणजे?”

“अरे, वाघिणीच्या आयुष्यात चालणं किती आणि उभं राहणं किती, हे तुला ठाऊक आहे का? चालवायला काय, कुणीही चालवेल.”

आम्ही हसलो. मग घरी येऊन चार कागद वाचले आणि हसू मावळलं. कारण अग्निबाणवाल्यांनी लाखो डॉलर खर्चून जे शोधलं ते नेमकं हेच होतं. अमेरिकेत रेल्वे ट्रकवर मात करते ती लांबच्या पल्ल्यावर. पाचशे मैलांच्या आतला बहुतेक माल ट्रक पळवून नेतो. रेल्वे मंद असते म्हणून नव्हे. रेल्वे गोळा करत बसते म्हणून. गाडी जितकी लांब तितकी स्वस्त, म्हणून मैल-दोन मैलांची गाडी जुळेपर्यंत डबे यार्डात पडून राहतात. मग दुसऱ्या यार्डात तीच गाडी मोडायची, पुन्हा जुळवायची. आपल्याकडे शेअर रिक्षावाला ‘बस एक सीट’ म्हणत पाऊण तास थांबतो ना, तेच; फक्त याला शंभरेक सीट हव्या असतात. एकेकटी निघणारी वाघीण म्हणजे ‘भरली नाही तरी निघतो’ म्हणणारा रिक्षावाला. हा खरा शोध. बॅटरी ही त्याची फोडणी.

आता अमेरिकेला बॅटरी का लागते, तेही ऐकून ठेवा. जगात विजेच्या तारांखाली मालगाड्या शंभर वर्षांहून अधिक काळ धावताहेत. पण अमेरिकेत मालगाड्यांचे रूळ जवळपास सगळे बिनतारांचे, डिझेलचे. त्यातही कुणाकडे तारा नव्हत्या असं नाही. ‘मिलवॉकी रोड’ या कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या काळात मोंटानाचे डोंगर आणि पुढे वॉशिंग्टन राज्य मिळून हजारएक किलोमीटर मार्ग विजेवर आणला होता. पुढे युद्धानंतर सोव्हिएत युनियनसाठी बांधलेली आणि शीतयुद्धामुळे अडकलेली इंजिनं या कंपनीने घेतली. स्टालिनच्या नावावरून लोक त्यांना ‘लिटल जो’ म्हणत. उताराला गाडी लागली की ब्रेकमधून वीज परत तारेत जायची. सगळं झकास. मग १९७३ च्या शेवटी अरब देशांनी तेल रोखलं, डिझेल भडकलं, आणि जून १९७४ मध्ये या कंपनीने काय केलं? विजेची गाडी बंद करून डिझेल सुरू केलं. तारा उतरवल्या, तांबं भंगारात विकलं. १९७७ मध्ये दिवाळं निघालं.

म्हणजे घरची विहीर बुजवायची आणि पन्नास वर्षांनी प्रत्येक माणसाच्या पाठीला पाण्याची पिशवी बांधून त्याला ‘नवोन्मेष’ म्हणायचं. वाघिणीच्या पोटातली बॅटरी ती हीच पिशवी.

आमच्या मते खरा चिमटा पेनसिल्व्हेनियात आहे. ‘इंट्रामोटिव्ह’ नावाची दुसरी एक कंपनी आहे, सेंट लुईसची. तीही बॅटरीच्या वाघिणी बनवते. उताराला ब्रेकमधून वीज साठवायची, चढाला वापरायची. स्वच्छ मालवाहतुकीच्या या वाघिणी ज्यांनी आधी घेतल्या, त्यांत कोण? तिथली कोळशाची खाण. दारूच्या दुकानात व्यसनमुक्तीची पेटी ठेवल्यासारखं झालं. पण आपण हसायला जाऊ नये. आपले ब्रॉडगेजचे रूळ आता जवळजवळ सगळे विजेच्या तारांखाली आले, ही शाबासकीची गोष्ट आहे आणि आम्ही ती खुल्या दिलाने देतो. त्या विजेवर धावणारी मालगाडी सर्वांत जास्त काय वाहते? कोळसा. तो कुठे जातो? वीज करायला. २०२२ च्या उन्हाळ्यात वीजकेंद्रांवर कोळसा कमी पडला तेव्हा कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या होत्या. वीज कोळसा ओढते, कोळसा वीज करतो, आणि प्रवासी फलाटावर उभा राहून दोघांना वारा घालतो.

चालक नसलेली मालगाडी नवीन आहे का? मुळीच नाही. ऑस्ट्रेलियात पिलबरा भागात रिओ टिंटो कंपनीच्या लोहखनिजाच्या गाड्या २०१८ पासून बिनचालक धावतात. पहिली भरलेली फेरी १० जुलै २०१८ ला झाली, २८ हजार टन खनिज घेऊन, २८० किलोमीटर. गाडीची लांबी सुमारे अडीच किलोमीटर, आणि तिच्यावर लक्ष ठेवणारा माणूस दीड हजार किलोमीटर लांब पर्थमध्ये, वातानुकूलित खोलीत. इंजिनं मात्र डिझेलची. चालक हटवला, धूर ठेवला. कोणाला काय आधी नकोसं होतं ते अशा वेळी कळतं.

तिथे रुळावर मध्ये येणार तरी काय? एखादा कांगारू. आमच्याकडे आधी गुरं, मग मिरवणूक, मग रूळ ओलांडून शाळेत जाणारी पोरं, मग रुळावर वाळत घातलेल्या गोवऱ्या. जॉर्जियातल्या कॅमेऱ्याला हे सगळं ओळखायला शिकवायचं म्हणजे आधी त्याला दोन वर्षं उल्हासनगरला भाड्याने ठेवावं लागेल.

तरीसुद्धा बिनचालक मालगाडीच्या शर्यतीत भारत मागे आहे असं कुणी समजू नये. २५ फेब्रुवारी २०२४, रविवार. जम्मूजवळच्या कठुआ स्थानकातून ५३ वाघिणींची खडी भरलेली गाडी निघाली. चालक खाली होता. हँडब्रेक नीट लागलेला नव्हता. उतार होता. गाडी सत्तर किलोमीटरहून जास्त धावली, पंजाबात शिरली, वाटेतली फाटकं घाईघाईने बंद करत लोक तिला वाट देत राहिले, आणि शेवटी दसुह्याजवळ ऊंची बस्सीला रुळावर लाकडी ठोकळे आणि वाळूची पोती टाकून ती थांबवली. ना सेन्सर, ना उपग्रह, ना सॅन फ्रान्सिस्कोचे गुंतवणूकदार. चौकशी झाली, निलंबनं झाली. तंत्रज्ञानाचं पेटंट मात्र कुणी घेतलं नाही.

हसण्यावारी नेता आलं कारण कुणाला खरचटलंही नाही. कॅनडात लाक-मेगांतिक गावी ६ जुलै २०१३ च्या रात्री असंच झालं. तेलाच्या ७२ टाक्यांची गाडी, एकटा चालक, गाडी उभी करून तो झोपायला गेलेला, हँडब्रेक पुरेसे लागलेले नाहीत, आणि खाली उतारावर गाव. ४७ माणसं मेली. बिनचालक वाघिणीची परवानगी देताना अमेरिकेचे अधिकारी इतके प्रश्न का विचारतात, ते इथे कळतं. प्रत्येक वाघिणीला स्वतःचा ब्रेक असेल तर ती आजच्या लांबलचक गाडीपेक्षा खूप कमी अंतरात थांबेल, हा पॅरललवाल्यांचा मुद्दा त्यामुळेच आम्हाला बॅटरीपेक्षा वजनदार वाटतो.

पण काकांचा प्रश्न राहिलाच. उभी कुठे राहते?

उत्तर : बस्तीला. २०१८ च्या जुलैमध्ये वर्तमानपत्रांत बातमी झळकली होती. विशाखापट्टणमहून नोव्हेंबर २०१४ मध्ये खताची १३१६ पोती घेऊन निघालेली एक वाघीण उत्तर प्रदेशातल्या बस्तीला पोचली होती. सुमारे चौदाशे किलोमीटर, पावणेचार वर्षं. रेल्वेच्या माणसाने तेव्हा सांगितलं की वाघीण ‘सिक’ झाली की यार्डात पाठवतात, तसंच काहीसं झालेलं दिसतं. पुढे बऱ्याच वर्षांनी सरकारी खुलासा आला की कोणत्याही मालगाडीला इतका वेळ लागलेला नाही, दावा दिशाभूल करणारा आहे. असेल. गाडी वेळेवर पोचली असेलच. आमची चौकशी वाघिणीपुरती होती. बातमीतल्या आकड्यांवर हिशेब केला तर दिवसाला साधारण एक किलोमीटर पडतो. या चालीने ज्येष्ठात आळंदीहून निघालेली पालखी पंढरपूरला शिमग्यात पोचेल, आणि तेही वाटेत कुणी वारकरी ‘सिक’ झाला नाही तर.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “सिक लाइनीतून माणूस बाहेर येतो, वाघीण येईलच असं नाही.”

हा केवळ विनोद नाही. रेल्वेच्या उत्पन्नातले साधारण दोन तृतीयांश पैसे मालगाडी मिळवते, आणि वर्षानुवर्षं तिचा सरासरी वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आसपास घुटमळतो. याचं कारण इंजिन नव्हे. मधेपुऱ्यात बनणारं बारा हजार अश्वशक्तीचं इंजिन ताशी शंभरच्या वर जाऊ शकतं. कारण असं की राजधानी आली, बाजूला हो. वंदे भारत आली, बाजूला हो. लोकल आली, आधी बाजूला हो, मग बोलू. घरात कमावणारा थोरला ओसरीवर उभा आणि पाहुणे माजघरात जेवताहेत. स्वातंत्र्याच्या सुमाराला देशातला बहुतेक माल रुळांवरून जायचा. आता चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त जातो. २०३० पर्यंत तो ४५ टक्क्यांवर न्यायचा, असं राष्ट्रीय रेल्वे योजनेत लिहिलं आहे. योजनेत लिहिलेल्या गोष्टीसुद्धा बाजूच्या लूप लाइनीत उभ्या राहतात, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

म्हणूनच मालगाड्यांसाठी वेगळे रूळ टाकायचं ठरलं, आणि ते अगदी योग्य ठरलं. २००६ मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन झाली. पश्चिमेकडचा मार्ग न्हावा-शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापासून दिल्लीजवळच्या दादरीपर्यंत, दीड हजार किलोमीटर. विजेच्या तारा इतक्या उंच की खाली दोन कंटेनर एकावर एक ठेवून गाडी जाते. गुजरात झालं, राजस्थान झालं, हरियाणा झालं. मागे कुठला तुकडा रेंगाळला? वैतरणा ते न्हावा-शेवा, शंभरेक किलोमीटर. म्हणजे बंदरातून निघणारा रस्ता बंदर सोडून सगळीकडे आधी पोचला. वरात मांडवात, नवरा अजून न्हाणीघरात. उरण-पनवेलच्या माणसाला विचारा, त्या वर्षांत कंटेनर कशावरून गेले. त्याच्या दाराबाहेर ट्रेलरची रांग आहे, तो दाखवेल.

आणि कोकण रेल्वेची गंमत तर राहूनच गेली. १९९९ पासून कोकण रेल्वे अख्खे ट्रक गाडीवर चढवून नेते. ट्रक सपाट वाघिणीवर, ड्रायव्हर ट्रकमध्ये, इंजिन बंद, डुलकी सुरू. कोलाडला चढायचं, वेर्ण्याला किंवा सुरतकलला उतरायचं. घाट नाही, टोल नाही, डिझेल नाही. आणि २०२२ पासून हा सारा मार्ग विजेवर. चालक झोपलेला असताना विजेवर चालणारं मालवाहन! जॉर्जियावाल्यांना हे कुणी तरी कळवा. २०२५ च्या गणपतीत हीच सोय चाकरमान्यांच्या मोटारींसाठी काढली, मोटारीमागे ७,८७५ रुपये. चाकरमानी म्हणाला, मोटार रेल्वेने आणि मी कोलाडपर्यंत त्याच खड्ड्यांतून, मग ही चैन कुणाची? आणि तो नेहमीप्रमाणे महामार्गाने गेला, नेहमीप्रमाणे माणगावला अडकला.

तर आपल्याला जॉर्जियाची वाघीण हवी का? बंदरापासून जवळच्या गोदामापर्यंत, खाणीपासून साइडिंगपर्यंत, कारखान्याच्या आवारात, जिथे रूळ मोकळे आणि पल्ला छोटा, तिथे आम्ही उद्या घेऊ. मुख्य मार्गावर तिला आणली तर दोनच गोष्टी होतील. एकेकटी वाघीण एकेक सिग्नल अडवील. पन्नास वाघिणी एकत्र केल्या तर ती पुन्हा मालगाडीच झाली, आणि तिला पुन्हा बाजूला हो म्हणतील. एक फायदा मात्र मान्य करावा लागेल : इंजिनात शौचालय बसवा, ही लोको पायलटांची कित्येक वर्षांची मागणी आपोआप निकालात निघेल. आपल्याकडे मागण्या याच पद्धतीने निकालात निघतात.

गेल्या रविवारी काकांना घेऊन कोपर स्टेशनच्या वरच्या फलाटावर गेलो. तिथून दिवा-वसईची लाइन जाते, न्हावा-शेव्याचे कंटेनर गुजरातकडे जातात ते याच वाटेने. कंटेनरची एक लांब गाडी सिग्नलला उभी होती. खालून लोकल गेली. आणखी एक गेली. मग लांब पल्ल्याची एक गेली.

“पंचेचाळीस,” काका न मोजता म्हणाले. “पाच-पाच वाघिणींचे नऊ संच. आता सुटली की नऊ खडखडाट ऐक.”

आम्ही म्हटलं, “काका, जॉर्जियाच्या वाघिणीला कपलिंगच नाही. खडखडाटही नाही.”

“मग सुटली हे मागच्याला कळणार कसं?”

पाऊण तासाने सिग्नल हिरवा झाला. पुढून मागे खडखडाट येत गेला. आम्ही मोजले, नऊच होते. डबे सरकू लागले, लाल, निळे, गंजलेले, चिनी अक्षरांचे. शेवटची वाघीण समोरून गेली तेव्हा काकांचा हात सवयीने वर गेला होता. पण मागे गार्डची ब्रेकव्हॅन नव्हती. वाघिणीच्या शेपटाला एक पेटी अडकवलेली होती आणि तिच्यावर लाल दिवा लुकलुकत होता. काकांनी वर गेलेला हात तसाच डोक्यावरून फिरवला आणि म्हणाले, “चल, चहा घेऊ.”